जिभेखाली बारूद

बाईंसमोर ‘आराम’ हा शब्द काढायची सोय नव्हती. कुणी चुकून ‘जरा आराम करा’ म्हटलं की त्या गळ्यातली शिट्टी तोंडात धरत आणि त्याच्या कानाजवळ अशी फुंकत, की पुढचा अर्धा तास आरामाची गरज त्यालाच पडे. दूधवाल्याला ही शिट्टी मिळाली, शेजारच्या वकीलसाहेबांना मिळाली, आणि एकदा प्रत्यक्ष हृदयाच्या डॉक्टरांना, त्यांच्याच दवाखान्यात, बाहेर पेशंट ताटकळत बसलेले असताना मिळाली.

मी त्यांच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहत होते. रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं. मी वर्ध्याहून नोकरीसाठी आले होते आणि आमचं मंत्रालय तेव्हा एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत भरत असे. जिथं पेशंटच्या खाटा असायच्या तिथं आमची टेबलं होती. शंकर नगरात खोली शोधत बाईंच्या दारात उभी राहिले, तेव्हा त्यांनी मला माझं आडनाव विचारलं नाही, पगार विचारला नाही. वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “तुले धावता येते काय?”

“शाळेत धावायचे,” मी म्हटलं.

“मंग आता काहून नाही धावत? पाय गहाण टाकले काय? ये, खोली पाहून घे.”

बाई मुलींच्या शाळेत पीटी शिकवून रिटायर झालेल्या. लग्न केलं नव्हतं आणि का केलं नाही हे विचारण्याची कुणाची छाती नव्हती. अंगानं काटक, सुती साडी, आणि तिच्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. लग्नकार्यालाही तेच बूट. रोज सकाळी मोपेड काढून त्या गुढ़ियारीला जात. तिथं रेल्वेच्या रुळांजवळ एक उघडं मैदान होतं आणि त्या मैदानावर त्या आसपासच्या मुलींना खो-खो शिकवत, फुकट. कुणाचे वडील मालधक्क्यावर हमाली करत, कुणाचे उरला नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या लोखंडाच्या कारखान्यात पाळीला जात आणि काळी धूळ अंगावर घेऊन घरी येत. बाई माझ्याशी मराठी बोलत, शेजाऱ्यांशी हिंदी, मुलींशी छत्तीसगढी; आणि रागावल्या की तिन्ही भाषा एकाच वाक्यात येत.

रविवारी मीही त्यांच्याबरोबर मैदानावर जाऊ लागले. तिथं एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मैदानाच्या कडेचा छोटासा चढ चढताना बाई नेहमी मध्येच थांबत आणि बुटाची नाडी बांधायला वाकत. मोपेड ढकलून आणतानाही थांबत, नाडी बांधत. एकदा मी पाहिलं तर नाडी सुटलेलीच नव्हती. त्या बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधत होत्या आणि त्यांच्या ओठावर घाम होता.

“बाई, काय होतंय?”

“काही नाही. दाढ दुखते.”

“चढ चढताना दाढ दुखते?”

“माझी दाढ हाय. तिले वाटन तेव्हा दुखन.”

दाढेचं म्हणून मी त्यांना दातांच्या डॉक्टरकडे नेलं. तो बिचारा म्हातारा डॉक्टर बराच वेळ तोंडात आरसा फिरवत राहिला. मग त्यानं विचारलं, “चलने से दुखता है? रुकने से बंद हो जाता है?” बाईंनी मान हलवली. त्यानं आरसा खाली ठेवला आणि हृदयाच्या डॉक्टरांचा पत्ता सांगितला. दात एकदम ठणठणीत आहेत म्हणाला.

हृदयाचे डॉक्टर तरुण होते, मराठीच, राजधानी झाल्यावर नागपूरहून आलेले. त्यांनी बाईंना छातीला वायरी लावून चालायच्या पट्ट्यावर चढवलं. पट्टा वेगात फिरू लागला तशा बाई खुलल्या. साडी खोचून, बूट आपटत अशा चालल्या की नर्स बघत राहिली. कागदावरची रेघ मात्र खाली वाकायला लागली आणि डॉक्टरांनी घाईनं मशीन बंद केलं.

“काहून बंद केलं?” बाई ओरडल्या. “मी थांबली काय? तुमचं मशीन थांबलं!”

डॉक्टरांनी समजावलं. हृदयाला रक्त पोचवणाऱ्या नळ्या आतून अरुंद झाल्या आहेत. बसून असताना तेवढं रक्त पुरतं. धावलं, चढ चढला की हृदय जास्त मागतं, तेवढं मिळत नाही आणि ते दुखायला लागतं. कधी छातीत, कधी हातात, कधी जबड्यात. यालाच अंजायना म्हणतात. मग त्यांनी औषधं लिहिली आणि शेवटी तो शब्द उच्चारला. “आणि आता आराम.”

शिट्टी वाजली ती तेव्हाच. बाहेरचे पेशंट दार उघडून आत डोकावले.

शिट्टी खाली ठेवून बाई म्हणाल्या, “डॉक्टर, मी पोट्ट्यांना डावीकडे पळ म्हणत होती तर काहून पळायचं ते आधी सांगत होती. ह्या गोळ्या काय करतात ते सांगा. नाही सांगतलं तर मी खात नाही.”

डॉक्टरांनी हसून घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, “बाई, तुम्ही खा, गुण येईल.” जिभेखालची गोळी दुखेल तेव्हा, बाकीच्या रोज. तेवढंच. त्या दिवशी बाईंनी नाइलाजानं ऐकलं.

पुढच्याच रविवारी मैदानावर दुखायला लागलं. बाईंनी गोळी काढली, जिभेखाली ठेवली आणि तशाच उभ्या राहून मुलींवर ओरडत राहिल्या. “दुलारी, पाठ देख, पाठ! खो दे!” आणि त्या एकदम बसकण मारून कोसळल्या. मुली धावत आल्या. दुलारी म्हणून एक होती, लांब पायांची, सगळ्यांत चपळ. ती रडायलाच लागली. “मैडम ला का होगे दीदी? मैडम मर गे का?”

बाईंनी डोळे उघडले. “नइ मरे हंव,” त्या जमिनीवरूनच, खेळ थांबवला म्हणून खेकसल्या. “खेल काबर बंद करे हव?”

पण त्यांचं तोंड लालबुंद झालं होतं आणि डोकं इतकं ठणकत होतं की घरी आल्यावर त्यांनी डोकं ओढणीनं आवळून बांधलं. संध्याकाळी त्या मला घेऊन पुन्हा दवाखान्यात गेल्या आणि नंबर न लावता आत शिरल्या.

“तुम्ही मले काय देल्लं? मी पोट्ट्यांसमोर पडली.”

“उभ्यानं घेतली का?” डॉक्टरांनी विचारलं. “बाई, ती बसून घ्यायची असते.”

“मंग हे कोन सांगन? माझी शिट्टी?”

डॉक्टर माणूस चांगला होता. त्यानं बाहेरच्या पेशंटांना थांबायला सांगितलं आणि एका कोऱ्या कागदावर हृदय काढून नीट समजावलं. जिभेखालची गोळी शिरा सैल करते. रक्त शरीरात थोडं मागं थांबतं, हृदयाकडे कमी येतं आणि त्याचं ओझं हलकं होतं. म्हणून दुखणं जातं. पण त्याचमुळं ब्लडप्रेशर उतरतं, माणूस उभा असला तर चक्कर येऊन पडतो. डोक्यातल्या नसाही ढिल्या होतात, म्हणून डोकं ठणकतं. पाच मिनिटांत दुखणं थांबलं नाही तर वाट पाहत बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. बोलता बोलता त्यांनी हेही सांगितलं की याच जातीच्या रसायनापासून सुरुंगाची दारू बनते.

हे ऐकून बाईंचं डोकं दुखायचं थांबलंच. घरी येताना त्या रिक्षावाल्याला म्हणाल्या, “भैया, धीरे चलाओ. मेरे पास बारूद है.” त्या दिवसापासून त्या गोळीचं नाव बारूद पडलं. बाई ती काचेच्या छोट्या बाटलीत घालून, रुमालात गुंडाळून कमरेला खोचत. आणि कुठंही दुखलं तरी, मग बाजार असो की बँकेची पायरी, सरळ फतकल मारून बसत. लोक बघत. बाई लोकांकडे बघत.

बाकीच्या गोळ्यांशी मात्र त्यांचं जमेना. एक गोळी हृदयाची गती कमी करत असे. हृदय सावकाश चाललं की त्याला रक्त कमी लागतं, हे त्यांना पटलं होतं. पण ती घेतल्यावर त्यांचे हातपाय गार पडत, रात्री चित्रविचित्र स्वप्नं पडत आणि दिवसभर अंगात जीव नसल्यासारखं वाटे. त्यांनी तिचं नाव हळूबाई ठेवलं. “माझ्या अंगात कोनी दुसरीच बाई येऊन बसली,” त्या म्हणत. “पोट्टी बाद झाली तरी मले राग येत नाही. राग येत नाही म्हणजे मी मेलीच ना!”

एक दिवस मला त्या पुन्हा पहिल्यासारख्या दिसल्या. सकाळी दाराशी शिट्टी, मोपेड वेगात, वकीलसाहेबांशी भांडण. मला बरं वाटलं. मला काय ठाऊक की त्यांनी हळूबाईला कुणालाही न विचारता हाकलून दिलं होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दुपारी, मी सुट्टीमुळं घरी होते. खालून शिट्टी वाजली. नेहमीसारखी नव्हती. अर्धीच वाजली आणि विझली. मी धावत खाली आले. बाई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बसल्या होत्या. धावल्या नव्हत्या, चढल्या नव्हत्या, नुसत्या भाजी चिरत होत्या. बारूद तोंडात होती. “नाही थांबून राहिलं,” त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून असं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. मी वकीलसाहेबांना हाक मारली. ज्यांच्या कानात शिट्टी वाजली होती तेच वकीलसाहेब बनियनवर गाडी घेऊन आले.

दवाखान्यात बाई वाचल्या. बोलण्याइतपत बऱ्या झाल्यावर डॉक्टर खाटेपाशी आले आणि चिडून म्हणाले, “ती गोळी अशी एकदम सोडायची नसते! इतके दिवस दाबून ठेवलेलं हृदय एकदम उसळतं. हे मरायचं काम आहे. कमी करायची तर हळूहळू, मला विचारून.”

बाई म्हणाल्या, “माझं चुकलं. कबूल. पन मी तुमाले दोनदा सांगतलं होतं की मले ही गोळी मारून राहिली. तुम्ही काय म्हटलं? ‘सवय होईल.’ मले जगायची सवय हाय, डॉक्टर. ती तोडू नका.”

डॉक्टर खुर्ची ओढून बसले आणि दोघांचा सौदा झाला. हळूबाई अर्ध्यावर आणायची, पण ती रोज घ्यायचीच. जोडीला नसा सैल करणारी दुसरी गोळी. तिनं पाय सुजतील, हे त्यांनी आधीच सांगितलं. रक्त पातळ ठेवणारी गोळी जेवणानंतर, नाहीतर पोट जळेल. आणि काळी शौच झाली तर लाजत बसायचं नाही, त्याच दिवशी यायचं. बाई एकेक गोष्ट मोठ्यानं म्हणून दाखवत होत्या आणि शेजारच्या खाटेवरची म्हातारीही ऐकत होती. तिनं आपली पुडी काढून विचारलं, “बेटा, मोर गोली मन का करथें?” तिच्या गोळ्या काय करतात ते डॉक्टरांना तिलाही सांगावं लागलं.

पाय खरंच सुजले. बाईंनी मोठ्या मापाचे बूट आणले. “पाय सुजले तर बूट बदलता येतात,” त्या मला म्हणाल्या. “डोकं झोपलं तर काय बदलायचं?”

याच सुमारास नागपूरहून त्यांचा भाचा आला. वाईट नव्हता, पण राजधानी झाल्यापासून शंकर नगरातल्या घराबद्दल त्याला मावशीपेक्षा जास्त काळजी वाटत होती. घर विकून मावशीनं आपल्याकडे येऊन राहावं, असं त्याचं म्हणणं. “मावशी, तुझी तब्येत अशी, इथं तुझं कोण आहे?”

“नागपुरात गेल्यावर माझ्या नळ्या रुंद होतात काय?” बाईंनी विचारलं. “होत असन तर आत्ता चालते.”

भाचा जेवला आणि संध्याकाळच्या गाडीनं गेला.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहितेय तो प्रसंग. नव्या राज्याचा मुलींचा संघ निवडायचा होता आणि त्यासाठी सामने व्हायचे होते. गुढ़ियारीच्या मुली पहिल्यांदाच मोठ्या मैदानावर खेळणार होत्या. मैदानाजवळ कपडे बदलायची खोली होती, पण तिला कुलूप होतं आणि आत खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. सरावाला गेलेल्या मुली साडीचा आडोसा धरून कपडे बदलत आणि कुंपणाबाहेरची पोरं शिट्ट्या मारत. बाईंनी क्रीडा खात्याच्या अधिकाऱ्याकडे तक्रार केली. उत्तर असं आलं की तुम्ही हृदयाच्या पेशंट असल्याचं कळलं आहे, तेव्हा गुढ़ियारीच्या संघाची जबाबदारी तुम्हाला देता येणार नाही.

बाई मला घेऊन त्या अधिकाऱ्याच्या दफ्तरात गेल्या; बरोबर आलेल्या मुली खाली थांबल्या. दफ्तर दुसऱ्या मजल्यावर होतं. चढताना त्या एकदा थांबल्या. आता नाडीचं नाटक करत नव्हत्या. अधिकारी गोरागोमटा, गोड बोलणारा. चहा मागवला. म्हणाला, “माताजी, आपने बहुत सेवा की। अब आप घर पर आराम कीजिए। टीम हम सँभाल लेंगे।”

मी डोळे मिटून शिट्टीची वाट पाहिली. वाजली नाही. डोळे उघडले तर बाईंचा हात जबड्यावर होता. त्या हळूच खुर्चीत बसल्या, कमरेचा रुमाल सोडला आणि गोळी जिभेखाली ठेवली.

“साहब,” बाई हळू पण स्पष्ट आवाजात म्हणाल्या, “मेरे सीने में दर्द शुरू हुआ है। पाँच मिनट बैठिए।”

अधिकारी उभा राहिला होता, तो बसला.

“ये गोली निगलते नहीं। जीभ के नीचे घुलती है। अब नसें ढीली होंगी। खून दिल तक कम पहुँचेगा, तो दिल का बोझ कम होगा। बी.पी. गिरेगा, इसलिए बैठी हूँ। खड़ी रहती तो आपके पैरों में गिरती। वो मुझे पसंद नहीं।”

टेबलावरचा फोन वाजला. त्यानं उचलला नाही. त्याच्याच कपाळावर घाम आला होता. “पानी मँगाऊँ? ऐम्बुलेंस?”

“अभी नहीं। अब मुँह लाल होगा। हुआ ना?” बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. “अब सिर फटेगा। हाँ, फट रहा है। सिर फट रहा है मतलब दवा चल रही है। पाँच मिनट में दर्द नहीं गया, तो ये लड़की गाड़ी बुलाएगी और चार आदमी मुझे आपकी सीढ़ी से उतारेंगे। नीचे मेरी लड़कियाँ खड़ी हैं। वो पूछेंगी, मैडम को अंदर क्या हुआ।”

मी बाईंच्या मनगटावर बोट ठेवून बसले होते. नाडी मोजायचं भानच नव्हतं, नुसती धरून होते. चहावाला आला, तिघांकडे पाहून कप न ठेवताच परत गेला. मग बाईंनी लांब श्वास सोडला. जबड्यावरचा हात खाली आला.

“गया,” त्या म्हणाल्या. “अब चाबी की बात करें?”

अधिकाऱ्यानं स्वतः उठून कपाटातून किल्ली काढली आणि बाईंच्या हातात दिली. संघाचं मात्र त्यानं सोडलं नाही. डॉक्टरांची परवानगी आणा म्हणाला. डॉक्टरांनी ती दिली, एका अटीवर. बाईंनी धावायचं नाही आणि सामन्याआधी बसून एक बारूद घ्यायची, दुखण्याची वाट पाहत बसायचं नाही. बाईंनी धावायच्या अटीवर बराच घोळ घातला, पण शेवटी कबूल झाल्या.

खोलीतल्या खुर्च्या मुलींनीच बाहेर काढल्या. सामन्याच्या दिवशी बाई त्यातलीच एक खुर्ची घेऊन रेघेच्या कडेला बसल्या. डोकं दुखत होतं म्हणून कपाळाला पट्टी बांधलेली, पाय सुजलेले, आवाज मात्र अख्ख्या मैदानाला पुरून उरणारा. आमचा संघ शेवटच्या सामन्यात थोडक्यात हरला. दुलारीची निवड राज्याच्या संघात झाली. हरल्यावर मुली रडायला लागल्या तर बाई म्हणाल्या, “रोना है तो कमरे में जाओ। कमरा है ना अब।”

पुढं मी बदलीवर बिलासपूरला गेले. बाईंच्या ऑपरेशनचा विषय अधूनमधून निघायचा. डॉक्टरांनी दोन्ही बाजू मांडल्या, बाईंनी गोळ्यांची बाजू घेतली आणि त्यावर कित्येक वर्षं काढली. फोनवर मी तब्येत विचारली की त्या मैदानाचं सांगत. मी पुन्हा विचारलं तर म्हणत, “सुजली हाय, गार हाय, डोकं दुखते. म्हंजे सगळ्या गोळ्या चालून राहिल्या. तू सांग, धावते काय?”

एका सकाळी दफ्तरात दुलारीचा फोन आला. आता ती स्वतः एका शाळेत पीटी शिकवते. “दीदी, मैडम चल बसीं।”

मी म्हटलं, “हार्ट?”

“नहीं दीदी। निमोनिया हो गया था। डॉक्टर साहब बोले, दिल ने तो आख़िर तक साथ दिया।” ती थांबली. तिचा आवाज रडत होता आणि हसतही होता. “मैडम ने उनसे पक्का करवा लिया था। बोलीं, कागज़ में साफ़ लिखना, दिल से नहीं मरी।”

मी फोन ठेवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडातून शब्द निघाला तो एवढ्या मोठ्यानं की शेजारच्या टेबलावरच्यांनी मान वर केली.

“जिंकल्या!”

“क्या हुआ दीदी?” समोर बसणाऱ्या कारकून मुलानं गोंधळून विचारलं. “कोई जीता क्या?”

“हव,” मी होकाराची मान हलवून म्हटलं. “जीत गईं।”